देव सोबतीला की दोष द्यायला?

तेराव्या शतकात विदर्भातल्या ऋद्धिपूरला गोविंदप्रभू राहत. महानुभाव पंथ त्यांना परमेश्वराचा अवतार मानतो. चक्रधरस्वामींचे ते गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या आणि लिहिताना काही झाकलं नाही. गोविंदप्रभू कुणाच्याही घरात शिरतात, हाताला लागेल ते खातात, मधेच हसतात, मधेच संतापतात. गावातली माणसं त्यांना वेडं म्हणतात आणि त्याच दमात त्यांच्या पायाही पडतात. या दोन्हींत काही विसंगती आहे असं ना गावाला वाटतं, ना म्हाइंभटांना. त्यांना जेवू घालणारं, सांभाळून घेणारं कुणी ना कुणी कायम भोवती असतं.

याच पंथाचं फलटणला एक मंदिर आहे. विएदा स्कल्टन्स या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८७ साली ‘मॅन’ या नियतकालिकात तो छापला. मन बिघडलेल्या माणसाला घेऊन घरची मंडळी या मंदिरात येऊन राहत. बाईंना दिसलं ते असं: आजारी असे मुलगा किंवा नवरा, आणि आरतीच्या वेळी अंगात येई ते आईच्या किंवा बायकोच्या. माझ्या माणसाचं दुखणं मला येऊ दे, तो बरा होऊ दे, असं मागणं घालून ती घुमत असे. घरातल्या एकाचं वेड ही सगळ्या घराची बाधा, आणि ती अंगावर घ्यायची बाईने.

धर्म, अध्यात्म आणि मनाचं आरोग्य यांच्या नात्याचा आढावा घ्यायचा तर ही दोन ठिकाणं शेजारी ठेवून बघावीत. ऋद्धिपुरात वेड्या माणसाला सोबत मिळाली. फलटणलाही मिळाली, पण तिची किंमत एका बाईने मोजली. गेल्या शंभरेक वर्षांत या विषयावर जगभर जे संशोधन झालं ते पुष्कळसं ‘धर्म चांगला की वाईट’ याच्याभोवती फिरत राहिलं. मला तो प्रश्नच फारसा कामाचा वाटत नाही. धर्म दुखणाऱ्या माणसाला सोबत देतो की दोष देतो, हे विचारलं तर हाती आलेल्या पुराव्याची संगती जास्त नीट लागते.

आधी धर्म आणि मानसोपचार यांच्यातल्या भांडणाचा इतिहास, थोडक्यात. १७७५च्या सुमाराला दक्षिण जर्मनीत योहान गास्नर नावाचा पाद्री भुतं उतरवून रोगी बरे करत होता आणि त्याच्याकडे झुंबड उडत होती. बव्हेरियाच्या सरकारने चौकशीसाठी फ्रांझ मेस्मर या डॉक्टरला बोलावलं. मेस्मरने तशीच लक्षणं स्वतः उत्पन्न करून आणि घालवून दाखवली आणि सांगितलं की हे भूत नव्हे, ही शरीरातली चुंबकशक्ती. भूत गेलं, त्याच्या जागी एक अदृश्य द्रव आला. त्या द्रवालाही घालवलं ते आपल्या गोव्याच्या माणसाने. कांदोळीला १७५६ साली जन्मलेले आबे फारिया हे स्वतः पाद्री होते. १८१३ साली पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केले आणि ठामपणे मांडलं की गुंगी आणणाऱ्याच्या हातात कसलीही शक्ती नाही, जे काही घडतं ते गुंगीत जाणाऱ्याच्या मनात, त्याच्या विश्वासातून आणि सूचनेतून घडतं. पॅरिसने त्यांची टर उडवली. १८१९ साली ते वारले. पणजीला मांडवीच्या काठी त्यांचा पुतळा आहे, एका स्त्रीवर हात पसरून संमोहन करणारा. पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. आधुनिक मानसोपचाराच्या पायातला एक दगड एका गोमंतकीय धर्मगुरूने बसवला, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

पुढे फ्रॉइड आले. १९०७च्या लेखात त्यांनी धार्मिक कर्मकांड आणि मंत्रचळेपणा यांतलं साम्य दाखवलं, १९२७ साली धर्माला भ्रम ठरवलं. त्याच्या आधीच, १९०२ साली, विल्यम जेम्स यांनी मात्र वेगळी वाट दाखवली होती: धार्मिक अनुभवाचा उगम कुठून झाला ते बघू नका, त्याची फळं काय आली ते बघा. फ्रॉइडच्या सावलीत मानसोपचाराची निदान दोन पिढ्या गेल्या. पेशंट देवाबद्दल बोलू लागला की डॉक्टर वहीत लक्षण म्हणून टिपून घेत. अमेरिकन निदानपुस्तिकेत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही आजार नसलेली स्वतंत्र नोंद यायला १९९४ साल उजाडलं. जागतिक मानसोपचार संघटनेने २०१६ साली निवेदन काढून सांगितलं की पेशंटच्या श्रद्धेची विचारपूस हा तपासणीचा नेहमीचा भाग असावा. एवढ्या साध्या गोष्टीला एवढा वेळ लागला.

आता आकडे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ड्यूक विद्यापीठातल्या हॅरल्ड कोनिग यांच्यासारख्यांनी हजारो अभ्यास गोळा केले, आणि धर्माच्या बाजूने बोलणारे तेव्हापासून ‘विज्ञानानेच सिद्ध केलंय’ असं सांगत असतात. जरा थांबून बघावं. नैराश्याबद्दल ब्राम आणि कोनिग यांनी २०१९ साली १५२ अभ्यास तपासले. सगळे असे की ज्यांत तीच माणसं काही काळाने पुन्हा तपासली होती. त्यांतल्या ४९ टक्क्यांत धार्मिकतेचा नैराश्यावर काही ना काही चांगला परिणाम दिसला, ४१ टक्क्यांत काहीच दिसला नाही, १० टक्क्यांत परिणाम वाईट किंवा संमिश्र होता. कोनिग स्वतः धर्माबद्दल आपुलकी असलेले संशोधक, आणि त्यांच्याच हातचा हा हिशेब निम्म्यावर येऊन थांबतो. खोटं काही नाही, पण जयजयकार करावा असंही काही नाही.

यापेक्षा बोलका आहे तो आत्महत्यांबद्दलचा अभ्यास. अमेरिकेतल्या ८९,७०८ परिचारिकांची १९९६ ते २०१० या काळातली माहिती टायलर व्हँडरवील आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडली. आठवड्यातून निदान एकदा चर्चच्या प्रार्थनासभेला जाणाऱ्या बायकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पाचपटीने कमी होतं. एकूण आत्महत्या छत्तीसच होत्या, म्हणून आकडा जपून घ्यावा. शिवाय मुळात बरं वाटतं तोच माणूस उठून सभेला जातो, हाही आक्षेप आहेच (संशोधकांनी आधीच्या नैराश्याचा हिशेब धरून तो बराचसा दूर केला). माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. या जातीच्या अभ्यासांत फायदा ठळक दिसतो तो ‘जाण्याचा’. देवावर विश्वास किती, घरी एकट्याने प्रार्थना किती, हे विचारलं की चित्र अंधूक होत जातं.

इंग्लंडमधल्या ७,४०३ लोकांच्या पाहणीतून मायकल किंग यांनी २०१३ साली दाखवलेली गोष्ट याला जोडून घ्यावी. धार्मिक माणसं आणि अजिबात श्रद्धा नसलेली माणसं यांच्या मानसिक आजारांत फारसा फरक नव्हता. धार्मिकांमध्ये व्यसनं तेवढी कमी होती. जास्त त्रासात सापडले ते तिसरेच: ‘मी धर्म मानत नाही, पण आध्यात्मिक आहे’ असं म्हणणारे. हल्ली पुण्या-मुंबईत हे वाक्य फार ऐकू येतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. अध्यात्माने ते आजारी पडले असं यातून निघत नाही. त्रासलेला माणूस शोध घेत निघतो, हे जास्त संभवतं. पण तो एकटा निघतो. त्याला गाव नसतं, दिंडी नसते.

उलट दूरस्थ प्रार्थनेचं काय झालं ते बघा. हर्बर्ट बेन्सन यांनी बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर प्रयोग केला, २००६ साली निष्कर्ष आले. अनोळखी लोकांनी रुग्णासाठी लांबून केलेल्या प्रार्थनेचा काहीही उपयोग झाला नाही. ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ असं ज्यांना कळवलं होतं त्यांच्यात गुंतागुंत उलट थोडी जास्त झाली, ५२ टक्क्यांच्या जागी ५९ टक्के. आपली तब्येत एवढी वाईट आहे की काय, या धास्तीने कदाचित.

हे सगळं संशोधन बहुतांशी पाश्चात्त्य, ख्रिस्ती माणसांवरचं आहे. आठवड्याला एकदा चर्च हे माप आपल्याकडे लावता येत नाही; रोज देवपूजा करणारा माणूस वर्षभर देवळात गेलेला नसतो. आपल्याकडचा एक चांगला अभ्यास प्रयागच्या माघमेळ्यातला आहे. महिनाभर गंगेकाठी कल्पवास करणाऱ्या चारशेहून अधिक माणसांची तब्येत आणि मनःस्थिती भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मेळ्याआधी आणि मेळा संपून महिना झाल्यावर विचारली, आणि घरीच राहिलेल्या शेजाऱ्यांशी तुलना केली. कडाक्याची थंडी, रात्रंदिवस भोंगे, अस्वच्छ पाणी, तरी कल्पवासींची प्रकृती सुधारलेली होती. गर्दी म्हणजे ताण, हे मानसशास्त्रातलं जुनं समीकरण तिथे लागू पडलं नाही, कारण ती परक्यांची गर्दी नव्हती. आषाढी वारीत चाललेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. दिंडीत पडशी कुणाची, पाठ कुणाची आणि पाय कुणाचे दुखतायत याचा हिशेब राहत नाही. परक्या माणसाला ‘माउली’ म्हणून हाक मारली की तो परका उरत नाही. वारीचा असा मोजून-मापून केलेला मोठा अभ्यास मराठी विद्यापीठांनी हाती घ्यायला हरकत नाही. विषय दारावरून दरवर्षी चालत जातो.

पण वारीला जातो तो बहुतेक धडधाकट माणूस. ज्याला आवाज ऐकू येतात, जो चार दिवस झोपलेला नाही, ज्याला शेजारी आपल्यावर करणी करतायत असं वाटतं, त्याला कुठे नेतात? ‘बाहेरचं’ बघायला. गाणगापूरला, मेहंदीपूरच्या बालाजीला, कुठल्या तरी दर्ग्याच्या हाजरीला. गाणगापुरात आरती सुरू झाली की बाधा झालेली माणसं किंचाळत खांबांवर चढतात, हे दृश्य महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांनी जवळून पाहिलेलं आहे. इथे नेणारी माणसं अडाणी असतात हा शहरी गैरसमज. त्यांत शिक्षक असतात, बँकेतले असतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ साली बारा राज्यांत झाली (महाराष्ट्र त्यात नव्हता). तीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही अशा देशात देवस्थान ही पहिली पायरी असते, आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचीही.

मग या ठिकाणी काही गुण येतो का? तमिळनाडूतल्या मुथुस्वामीच्या एका देवळात आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी राहायला आलेल्या ३१ रुग्णांची तपासणी केली. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ती छापली. बहुतेक रुग्ण स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजाराचे होते. तिथे मंत्रतंत्र नव्हता, मारझोड नव्हती. घरचं माणूस बरोबर, राहणं फुकट, सकाळची पूजा, अंगण झाडणं, झाडांना पाणी घालणं. सरासरी सहा आठवडे राहून लक्षणं जवळपास २० टक्क्यांनी कमी झाली. औषधांच्या परिणामाशी याची तुलना होऊ लागताच डॉक्टरमंडळी उसळली. तुलनेसाठी दुसरा गट नाही, माणसं मोजकी, पुढचं काय झालं ते माहीत नाही. आक्षेप रास्तच आहेत. पण माणसाला त्याच्या माणसांसकट, कामासकट आणि मानासकट ठेवून घेतलं तर आजार काही अंशी निवतो, एवढं तो अभ्यास सांगतो. आणि आपल्या मनोरुग्णालयांत त्या काळी काय चित्र होतं हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या १९९९च्या अहवालात वाचायला मिळतं. देवळाला नावं ठेवण्याआधी तो अहवाल वाचावा.

आणि देवळाचे गोडवे गाण्याआधी येरवाडी आठवावी. पुण्याचं येरवडा नव्हे, तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातलं दर्ग्याचं गाव. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे तिथल्या एका खासगी ‘मनोरुग्णगृहा’च्या झोपडीला आग लागली. रुग्ण साखळदंडाने जखडलेले होते. २८ जण पळूही शकले नाहीत. दर्ग्यावर गुण येतो या श्रद्धेच्या आसऱ्याने उभा राहिलेला हा धंदा होता. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, असली घरं बंद झाली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर सरळ बंदी घातली. महाराष्ट्रात त्याआधीच, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं यांना त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन यांना हात लावलेला नाही, हेही त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. विरोध करणाऱ्यांनी तेवढं पान मात्र वाचलं नव्हतं असं दिसतं.

येरवाडीनंतर काय करायचं यावर पुण्यात एक वेगळा आवाज होता: भार्गवी दावर. बापू ट्रस्ट ही संस्था त्यांनी आपल्या आईच्या नावाने उभी केली. आईला मनोरुग्णालयांत काय भोगावं लागलं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचा अभ्यास करून त्यांनी आणि मधुरा लोहोकरे यांनी दाखवलं की तिथे येणाऱ्यांत बायका पुष्कळ, आणि त्यांच्या दुखण्यामागे घरातली हिंसा, मृत्यू, सोडून दिलेलं असणं. दर्ग्यात त्यांना ओरडता येतं, रडता येतं, लोळता येतं आणि कुणी ‘गप्प बस’ म्हणत नाही. ही ठिकाणं सरसकट बंद केली तर या बायकांनी जायचं कुठे, हा दावर यांचा प्रश्न होता. त्यांच्या सगळ्या भूमिका पटतातच असं नाही. औषधांबद्दलचा त्यांचा संशय स्किझोफ्रेनिया घरात पाहिलेल्या माणसाला जड जाईल. पण प्रश्न खरा आहे आणि अजून कुणी त्याचं पूर्ण उत्तर दिलेलं नाही.

अर्धं उत्तर गुजरातेत आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. मुसलमानांइतकेच हिंदूही तिथे जातात. तिथल्या मुजावरांना प्रशिक्षण देऊन, त्यांच्याशी भांडण न मांडता, आवारातच मानसोपचारतज्ज्ञाचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. नावच ‘दवा आणि दुआ’. मुजावर दुआ करतो आणि सांगतो, त्या खोलीत डॉक्टर बसलेत, त्यांनाही दाखव. दर्गा सोडायला कुणी सांगत नाही, त्यामुळे गोळी सोडायलाही कुणी सांगत नाही.

आता दोषाकडे वळू, कारण नुकसान होतं ते इथे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी श्रद्धेच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या. देव माझ्या बरोबर आहे, असं मानून संकटाला सामोरं जाणं ही एक. देव मला शिक्षा देतोय, देवाने मला टाकलं, हे सैतानाचं काम, असं मानणं ही दुसरी. रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे सहाशे वृद्धांचा दोन वर्षं माग ठेवला तेव्हा दुसऱ्या तऱ्हेने विचार करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनसुद्धा. देव तोच, धर्म तोच. सोबतीचा देव आणि फौजदार देव यांत एवढा फरक पडतो.

आपल्याकडे हा फौजदार वेगवेगळ्या वेषांत येतो. मूल गतिमंद जन्मलं की गेल्या जन्मीचं पाप. मुलगी गप्प गप्प राहू लागली की कुळाचार चुकला. केसांत गुंता होऊन जट आली की यल्लम्माचं बोलावणं, आणि कापली तर घरावर कोप. मग ती बाई मानेचं दुखणं आणि लोकांच्या नजरा घेऊन वर्षानुवर्षं तशीच जगते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या जट कापतात तेव्हा कात्री शेवटी येते, आधी तासन्‌तास बोलणं असतं, कारण सोडवायची असते ती भीती. देवऋषी तर दोषी शोधून देण्याचाच धंदा करतो. करणी कुणी केली, तर जावेने. नजर कुणाची, तर शेजारच्या विधवेची. रोग्याला क्षणभर बरं वाटतं आणि दुसऱ्या एका बाईचं आयुष्य उठतं. आदिवासी भागांत डाकीण ठरवून झालेल्या खुनांपर्यंत ही वाट जाते.

अंगात येण्याचा प्रकार मात्र यापेक्षा गुंतागुंतीचा. मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुइस यांनी १९७१ साली मांडलं की ज्यांना बोलण्याची मुभा नाही अशांचं अंगात येणं हे तक्रार मांडण्याचं साधन असतं. एरवी सासूपुढे तोंड न उघडणारी सून वारं आलं की सगळ्या घराला पुढ्यात बसवते, आणि सासरा कुंकू लावून तिच्या पाया पडतो. याला थोतांड म्हणून हसणं सोपं आहे. याला स्त्रीशक्ती म्हणून मिरवणंही तितकंच सोपं, आणि तितकंच चुकीचं, कारण मंगळवार संपला की ती पुन्हा चुलीपुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणात रूढीने मान्य असलेलं, त्रास न देणारं अंगात येणं हा आजार धरलेला नाही. आपल्या २०१७च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातही समाजाच्या धार्मिक वा सांस्कृतिक समजुतींशी न जुळणं एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं म्हटलं आहे. सीमारेषा आखायची ती त्रासावर.

ही रेषा सोवळ्यात चटकन दिसत नाही. मंत्रचळेपणा झालेली बाई दिवसातून चार तास आंघोळ करते, देवाची भांडी पुन्हा पुन्हा घासते, आरतीत मनात घाणेरडा विचार आला म्हणून आरती पहिल्यापासून म्हणते. घरचे कौतुकाने सांगतात, तिचं सोवळं फार कडक. हात सोलवटून रक्त येईपर्यंत कुणाला आजार सुचत नाही. ख्रिस्ती जगातही हे जुनंच. इग्नेशियस लोयोला यांनी स्वतःच्या आठवणींत सांगितलं आहे की मान्रेसा इथे असताना, कबुली देऊनही एखादं पाप राहून गेलं असेल या शंकेने ते आत्महत्येच्या विचारापर्यंत गेले होते. या आजारावर आज चांगले उपचार आहेत, आणि त्यांत समंजस गुरुजी किंवा पाद्री डॉक्टरांचा मोठा मदतनीस ठरतो: ‘एकदा म्हटलंस, पोचलं’ हे त्याने सांगितलेलं लागू पडतं.

संत आणि वेडा यांतला फरक ओळखण्याचा एक विलक्षण प्रयत्न नगर जिल्ह्यात झालेला आहे. मेहेरबाबांनी १९३६ साली राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला आणि तिथल्या माणसांना ते स्वतः आंघोळ घालत. देशभर हिंडून त्यांनी ‘मस्त’ शोधले, म्हणजे ईश्वराच्या धुंदीत देहभान हरपलेली माणसं. त्यांचा डॉक्टर शिष्य विल्यम डॉन्किन याने या भेटींची बारीक नोंद ठेवून १९४८ साली ग्रंथ केला. मस्त आणि वेडा हा भेद विज्ञानाला मान्य होण्यासारखा नाही. पण वेडा ठरो की मस्त, दोघांनाही आंघोळ, जेवण आणि कुणाचा तरी हात मिळाला. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी चेन्नई, अक्रा आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन मॅटिओ इथल्या साठ स्किझोफ्रेनिया रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं होतं. अमेरिकनांना आवाज हिंसक आणि परके वाटत. अक्रात पुष्कळांना तो देव वाटे. चेन्नईत आवाज बहुधा नातेवाइकांचे होते: आंघोळ कर, भांडी घास, म्हणून ओरडणारे. आजार एकच, पण भ्रमातसुद्धा माणूस आपल्या गणगोतात राहतो.

ध्यानाबद्दल हल्ली एवढं बोललं जातं की इथे आटोपतं घेतो. इगतपुरीच्या धम्मगिरीपासून अमेरिकेतल्या जॉन काबाट-झिन यांच्या ‘माइंडफुलनेस’पर्यंत त्याचा उपयोग अनेकांना झाला आहे, नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून त्यावर आधारलेली उपचारपद्धती चांगली ठरली आहे. पण ब्रिटनमध्ये आठ हजारांवर शाळकरी मुलांना ते शिकवून बघितलं तेव्हा २०२२ साली निष्कर्ष आला की विशेष फायदा नाही. आणि २०२० सालच्या एका आढाव्यात ध्यान करणाऱ्यांतल्या सुमारे आठ टक्के लोकांना चिंता, नैराश्य वगैरे त्रास झाल्याचं दिसलं. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नव्हे. मागे कधी भ्रम झालेल्या माणसाने दहा दिवस मौनात एकट्याने मनाच्या तळाशी उतरणं धोक्याचं ठरू शकतं. ‘शिबिराला जा, गोळ्या सुटतील’ असं सांगणारा हितचिंतक आणि अंगारा देणारा भगत यांत मला फार अंतर दिसत नाही.

सोबतीचा सगळ्यात भक्कम पुरावा व्यसनमुक्तीत मिळतो. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून दारू सोडली आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस (ए.ए.) ही संघटना उभी राहिली. तिच्या मुळाशी कार्ल युंग यांनी एका पेशंटला सांगितलेलं होतं की तुझ्यावर औषधाचा इलाज नाही, गाढ आध्यात्मिक अनुभव आला तरच सुटशील. तिच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ‘मला समजलेला’. कुणी विठ्ठल समजतो, कुणी समोर बसलेला गट. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात दहा हजारांहून जास्त माणसांवरचे २७ अभ्यास तपासले गेले आणि दारूपासून पूर्ण दूर राहण्यात ही पद्धत मानसशास्त्रीय उपचारांइतकीच, काही बाबतींत सरस निघाली. पैसे पडत नाहीत ते वेगळंच. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. अनिल अवचट काही देवदेव करणारे नव्हते, तरी ए.ए.च्या सभांना तिथे मानाची जागा मिळाली. या सभेत दोष कुणालाच दिला जात नाही. तुझं चुकलं असं सांगणारा दुसरा कुणी नसतो. ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणणारा शेजारी असतो.

डॉ. हमीद दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या ‘मानसमित्रां’चं कामही याच दिशेचं. भानामती झाली म्हणून गाव घाबरलं की हे कार्यकर्ते आधी त्या घरात जाऊन बसतात, ऐकतात, मग डॉक्टरकडे नेतात. देव नाही हे पटवायला ते गेलेले नसतात.

म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांना एक सांगणं आहे. भक्तनिवास बांधता, अन्नछत्र चालवता. आवारात एक खोली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरला आठवड्यातून एक दिवस द्या. उनाव्याच्या दर्ग्याला जमलं ते गाणगापूरला, नरसोबाच्या वाडीला न जमण्याचं कारण नाही. डॉक्टरांनी पेशंटच्या मनगटातला दोरा कापायला सांगू नये. तो कुणी बांधला आणि बांधताना काय म्हणाला, हे विचारावं. आणि घरच्यांनी दर्शनाला जरूर जावं, पण गोळ्या बरोबर घेऊन जावं, कुणाच्याही सांगण्यावरून त्या परस्पर बंद करू नयेत. मारहाण करणारा, उपाशी ठेवणारा, बांधून घालणारा कुणी भेटला तर तो देवाचा माणूस नव्हे, गुन्हेगार आहे, पोलिसांत जावं. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.